अण्णांच्या नावाचं रक्त

१

चष्मेवाले अण्णा दुपारी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचं शटर वर जातंय न जातंय तोच त्यांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला.

तो ओरडला असता तर लॅब चालवणाऱ्या डॉक्टर बाईंना बरं वाटलं असतं. इतकी वर्षं रक्त-लघवीच्या तपासण्या करायच्या म्हणजे लोकांचा आरडाओरडा अंगवळणी पडतोच. पण हा माणूस शांतपणे आत आला, काउंटरवर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ते बोटांनी सरळ केले. एक बाईंच्याच लॅबचा रिपोर्ट होता. दुसरा हॉस्पिटलचा, त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा.

अण्णांच्या हृदयात धातूची झडप होती. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती किती घ्यायची ते ठरतं आयएनआर नावाच्या तपासणीवर. गोळी न घेणाऱ्या धडधाकट माणसाचा आकडा एकच्या आसपास येतो. अण्णांचा तीनच्या आगेमागे हवा. कमी झाला तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाला तर आतल्या आत कुठेतरी रक्त सुटतं. बाईंच्या कागदावर एक पूर्णांक एक होता. हॉस्पिटलच्या कागदावर आकडाच नव्हता. रक्त इतकं पातळ होतं की मशीननं मोजायचं सोडून दिलं होतं. अण्णा दात घासताना कोसळले, डोक्यात रक्तस्राव झाला, आठवडाभर बेशुद्ध पडून राहिले आणि गेले.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," मुलगा म्हणाला. "पण एवढं मलाही कळतं. दोन महिने तुम्ही एकचा आकडा देत होतात, आणि तो बघून डॉक्टर गोळी वाढवत होते. माझे वडील तुमच्या मशीननं मारले."

उद्या पोलिसांत आणि परवा मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जाईल, एवढं सांगून तो गेला. त्याच्या हातांना येणारा फिनेलसारखा वास काउंटरवर रेंगाळत राहिला.

बाईंनी त्या दिवशीच्या कामाला हात लावला नाही. शंकास्पद वाटणाऱ्या नमुन्यातला उरलेला भाग गोठवून ठेवायची त्यांची पद्धत होती, आणि गोळी वाढूनही एकवरच अडकलेला आकडा त्यांना खटकतच होता. अण्णांच्या निळ्या बुचाच्या ट्यूबमधलं उरलेलं त्यांनी बाहेर काढलं, वितळवलं आणि स्वतः मशीनवर लावलं. एक पूर्णांक एक. ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा नमुना लावला. तो बरोबर आला. थोडं रक्तजल, म्हणजे प्लाझ्मा, शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या लॅबला पाठवलं. तासाभरात त्यांचा फोन आला. तोच आकडा.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांचं मशीन खरं बोलत होतं. हॉस्पिटलचंही खरंच बोलत असणार. आणि एका दिवसात कुणाचंही रक्त इतकी उडी मारत नाही.

म्हणजे त्यांच्याकडे आलेलं रक्त अण्णांचं नव्हतंच.

२

अण्णांचे फॅमिली डॉक्टर बाईंचे कॉलेजपासूनचे मित्र. दुपारी ते आले तेव्हा दाढी वाढलेली होती आणि शर्टाची बटणं चुकीची लागली होती. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की ते दवाखाना बंद करणार आहेत. दोन महिन्यांत गोळी त्यांनी दुपटीवर नेली होती. दर वेळी रिपोर्ट हातात घेऊन, विचार करून, चष्मा पुसून नेली होती.

"मी मारलं गं त्यांना," ते म्हणाले. "सही माझीच आहे."

बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि त्या घराची सगळी माहिती विचारली. अण्णा विधुर. घरात मोठी मुलगी, लग्न न केलेली, खालचं चष्म्याचं दुकान तीच चालवते. धाकटा मुलगा जरा लांब राहतो, त्याचा जनावरांचा दवाखाना आहे. त्याला वडिलांची जागा हवी होती, तिथे मोठं जनावरांचं हॉस्पिटल काढायचं होतं. अण्णांनी वारंवार नाही म्हटलं होतं. दुकान मुलीचं, असं ते चारचौघांत सांगत. अण्णांना जिना उतरवत नसे म्हणून एक नर्स सकाळी घरी येऊन रक्त काढायची आणि मुलगा दवाखान्यात जाताना ट्यूब लॅबमध्ये टाकून जायचा. अण्णांच्या नावाच्या चिकटपट्ट्या लॅबनंच दिलेल्या होत्या, त्या घरात दिवाणखान्याच्या टेबलावर पडलेल्या असत. कुणीही उचलाव्यात.

शेवटच्या वेळी अण्णा पांढरेफटक दिसले म्हणून डॉक्टरांनी आणखी दोन तपासण्या सांगितल्या होत्या. त्यामुळे निळ्या बुचाच्या ट्यूबबरोबर पेशी मोजायला जांभळ्या बुचाची आणि साखर, किडनीसाठी लाल बुचाची ट्यूब आली होती. ज्यानं कुणी हा उद्योग केला त्याला या वेळी तीन ट्यूब भराव्या लागल्या होत्या. त्याच्या दुर्दैवानं.

जांभळ्या ट्यूबमधल्या रक्ताची काचपट्टी तेव्हाच तयार करून ठेवली होती. बाईंनी ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. शेजारी त्यांनी अण्णांचीच एक जुनी पट्टी घेतली, झडप बसवली त्या वर्षीची. जुन्या पट्टीत तांबड्या पेशींचे तुकडे जागोजागी दिसत होते. धातूच्या झडपेवर आपटून पेशी फाटतात, त्याला इलाज नसतो. नव्या पट्टीत एकही फाटलेली पेशी नव्हती. सगळ्या अखंड, पण लहान आणि फिकट.

मग त्या पांढऱ्या पेशी बघू लागल्या. एक, दुसरी, तिसरी. डॉक्टर ताटकळले.

"इकडे ये," शेवटी त्या म्हणाल्या. "याच्यात बघ."

पांढऱ्या पेशीच्या मधोमध असलेल्या गडद केंद्राला एक बारीक देठ फुटला होता आणि देठाच्या टोकाला गोळा होता. ढोलाच्या टिपरीसारखा. पुढे तशीच आणखी एक सापडली, मग आणखी एक. कॉलेजात दोघांनीही हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि नंतर विसरून गेले होते.

ही टिपरी पुरुषाच्या रक्तात दिसत नाही.

ते रक्त एका बाईचं होतं.

३

नर्स मॅटर्निटी होमच्या मागच्या खोलीत भेटली, टॉवेलांच्या घड्या घालत होती. अण्णांचं नाव काढताच तिचे हात थांबले. बाईंना मनातून वाटत होतं की ही काहीतरी लपवणार. तिनं लपवलं नाही, उलट कुणीतरी विचारायची वाट बघत असल्यासारखी ती बोलत सुटली.

अण्णांचं रक्त तिनं दर वेळी स्वतः काढलं होतं. सकाळी, त्यांचा चहा होण्याआधी. शेवटच्या सकाळी ते छान गप्पा मारत होते, नातवंडं नाहीत म्हणून मांजर पाळतो म्हणाले. पण गेल्या काही खेपांना सुई काढल्यावर रक्त थांबायचं नावच घेत नव्हतं. ती कापूस दाबून बसून राहायची. एक बोळा भिजला की दुसरा.

"मी त्यांच्या मुलाला सांगितलं होतं, मॅडम. एकदा नाही, दर वेळी. ते म्हणाले, डॉक्टरांच्या कानावर घातलंय, काळजी करू नका. ते स्वतः डॉक्टर. मी काय बोलणार त्यांच्यापुढे?"

डॉक्टरांच्या कानावर काहीच आलेलं नव्हतं.

बाईंनी तिला संध्याकाळी कुठे असते ते विचारलं. इथेच, ती म्हणाली, दुपारपासून रात्रीपर्यंत तिची इथे ड्यूटी असते, मेट्रनला विचारा. बाईंनी विचारलं. मेट्रननं मान डोलावली. दोन महिन्यांत तिनं एकही संध्याकाळ चुकवली नव्हती.

बाई हे विचारत होत्या त्याला कारण होतं. लाल ट्यूबचा रिपोर्ट त्यांनी त्या दिवशी अडवून धरला होता आणि ताजं रक्त पुन्हा पाठवा असा निरोप दिला होता. ते यायच्या आधीच अण्णा कोसळले. त्या ट्यूबमधली साखर जेमतेम चाळीस होती. एवढी साखर असलेला म्हातारा मांजराच्या गप्पा मारत नाही, घामानं निथळून आडवा होतो. पण अंगाबाहेर आलं तरी रक्ताची भूक लगेच मरत नाही. ट्यूबमध्ये बसल्या बसल्या पेशी साखर खात राहतात, आणि रात्रभर तशीच ठेवली तर सकाळपर्यंत निम्मी फस्त होते.

म्हणजे ते रक्त आदल्या संध्याकाळी काढलेलं होतं. नर्स तेव्हा इथे होती. आणि तिनं सकाळी काढलेलं अण्णांचं खरं रक्त घर आणि लॅब यांच्या मध्ये कुठेतरी मोरीत ओतलं गेलं होतं.

उरली एकच बाई. आणि ती रोज अण्णांच्या ताटात वाढणारी होती.

४

चष्म्याचं दुकान अर्धवट उघडं होतं. सुतक असूनही कुणाचे तरी चष्मे द्यायचे राहिले होते म्हणून मुलगी आत बसली होती. चारी भिंतींना आरसे, काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या रांगा, आणि या सगळ्यांतून तिचा फिकट चेहरा लहान-मोठा होऊन बाईंकडे बघत होता. इतक्या जागांहून कुणी आपल्याकडे एकाच वेळी बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

तिनं स्टूल पुढे केलं. उजव्या हातातल्या बारीक पेचकसानं ती एका चष्म्याची काडी आवळत होती. रुमाल मात्र सारखा तोंडाशी जात होता, आणि त्यावर गुलाबी डाग होते.

बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, गेल्या दोन महिन्यांत कुणी तुमचं रक्त काढलं का?

तिला त्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. हो म्हणाली. भाऊ काढायचा. अण्णांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चहाला यायचा आणि म्हणायचा, ताई, अण्णांचं बघतोच आहोत, तर तुझंही बघून टाकू. शाळेत असल्यापासून सगळे तिला रक्त कमी आहे म्हणत आले होते. आईनं गूळ-शेंगदाणे चारले, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या दिल्या, पण रक्त काही वाढलं नाही. भावाला एवढ्या वर्षांनी आपली काळजी वाटली याचं तिला बरंच वाटलं होतं.

"रिपोर्ट कधी बघितलात का?"

"नाही. तो म्हणाला, थोडं कमीच आहे. हा आठवडा हॉस्पिटलच्या धावपळीत गेला ना, तर त्यानंच ताकदीच्या गोळ्या आणून दिल्या. घेतेय."

बाईंनी तिला बाही वर करायला सांगितली. डाव्या कोपराच्या खळगीत लहानपणी भाजल्याचा जुना वण होता, कातडी ताणलेली, शीर सापडण्यासारखी नव्हती. उजव्या खळगीत सुईचे जुने ठिपके होते. आणि तिथून वर खांद्यापर्यंत, खाली मनगटापर्यंत, काळेनिळे डाग पसरले होते. कशाला आपटलात, बाईंनी विचारलं. कशालाच नाही, ती म्हणाली. सकाळी उठले की नवा दिसतो. आणि चूळ भरली की पाणी लाल.

बाईंनी पिशवीतून निळ्या आणि जांभळ्या बुचाच्या ट्यूब काढल्या.

अर्ध्या तासानं त्या लॅबमध्ये मशीनसमोर उभ्या होत्या. लॅबमधल्या टेक्निशियननं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. आठवड्यापूर्वी ज्या रक्ताचा आकडा एक पूर्णांक एक होता, त्याचाच आज साडेसात झाला होता.

५

बाईंनी पहिला फोन डॉक्टरांना केला, दुसरा इन्स्पेक्टरला. डॉक्टर गाडी घेऊन दुकानात गेले आणि मुलीला उचलून थेट हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. रक्त पुन्हा घट्ट करणारं के जीवनसत्त्व तिच्या शिरेत सुरू झालं, आणि डॉक्टर तिथून हलायला तयार होईनात. भावानं दिलेलं कागदी पाकीट तिच्या पर्समध्ये होतं. त्यातल्या गोळ्या ताकदीच्या नव्हत्या. अण्णा घेत होते त्याच होत्या, फक्त जास्त ताकदीच्या.

मुलाला बाईंनी निरोप धाडला की तुमच्या तक्रारीचं उत्तर तयार आहे. तो आला. इन्स्पेक्टर कोपऱ्यातल्या बाकावर रुग्णासारखा बसला होता.

बाईंनी आवाज न चढवता सगळं मांडलं. फाटलेल्या पेशी नाहीत, म्हणजे झडपेतून गेलेलं हे रक्त नव्हे. पांढऱ्या पेशींत टिपऱ्या, म्हणजे ते बाईचं. साखर निम्मी, म्हणजे आदल्या संध्याकाळचं. पेशी लहान पण संख्येनं भरपूर. असं रक्त लोह कमी असलेल्या माणसाचं नसतं, जन्मतःच तसं घडलेलं असतं. आज त्याच्या बहिणीचं रक्त तपासलं, त्यातल्या पेशी हुबेहूब तशाच निघाल्या.

तो म्हणाला, "म्हणजे ताईनं केलं हे?"

दुःखी आवाज त्याला चांगला जमला. बाईंना हेच उत्तर येणार असं वाटत होतं.

"तुमची ताई उजव्या हातानं काम करते," त्या म्हणाल्या. "सुया टोचल्यात तिच्या उजव्या हातालाच. स्वतःच्या उजव्या कोपराशी डाव्या हातानं सुई घालून कुणी तीन-तीन ट्यूब भरत नाही. ते दुसऱ्यानं केलंय. नर्स संध्याकाळी घरात नव्हती. सुई धरता येणारं तिसरं माणूस त्या घरात कोण येतं?"

त्यानं काउंटरवरचे दोन कागद पुन्हा बोटांनी सरळ केले.

"आणि स्वतः हे सगळं करणारी बाई त्याच गोळ्या स्वतः खाऊन हिरड्यांतून रक्त गाळत बसत नाही. नर्सनं तुम्हाला दर वेळी सांगितलं की रक्त थांबत नाहीये. तुम्ही ते डॉक्टरांपर्यंत पोहोचू दिलं नाहीत. उंदराचं औषध खाल्लेली कुत्री तुमच्याकडे येतात ना? रक्त थांबेनासं झालं की काय होतं, हे तुम्हाला आमच्याइतकंच माहीत आहे."

आता त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून काढावं तसं निघून गेलं होतं.

"मी अण्णांना एकही गोळी दिली नाही," तो म्हणाला. "रिपोर्ट तुमचे. चिठ्ठी डॉक्टरांची. पाण्याबरोबर गोळी हातावर ठेवायची ती ताई. यात मी कुठे आहे ते दाखवा."

हे तो अगदी मनापासून बोलत होता. बाईंना तेव्हा खरी भीती वाटली. या माणसानं वडिलांना हात न लावता मारलं होतं. डॉक्टरांचं शहाणपण, लॅबचा अचूकपणा आणि बहिणीची माया, या तीन चांगल्या गोष्टी त्यानं नीट एकापुढे एक लावल्या होत्या आणि स्वतः बाजूला उभं राहून बघितलं होतं. वडील गेल्यावर दुकान ताईकडे जाणार, म्हणून लगेच ताईकडे वळला होता. तिथे मात्र त्याला वाट बघवली नाही.

"अण्णांच्या बाबतीत कोर्टात काय टिकेल ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण ताईच्या पर्समधलं पाकीट तुमच्या दवाखान्याचं आहे. त्यावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, जेवणानंतर एक."

बाकावरचा इन्स्पेक्टर उठला. मुलानं विरोध केला नाही. जाताना त्यानं काउंटरवरचे आपले दोन कागद मात्र आठवणीनं घडी करून खिशात ठेवले.

६

मुलगी वाचली. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला नाही, पण पुढे बरेच दिवस ते रिपोर्ट हातात घेतला की बाईंना फोन करून विचारत, हे नक्की याचंच का गं?

ती हॉस्पिटलमध्ये होती तोवर बाई रोज जात. पोलिसांनी तिला भावाबद्दल सांगितलं होतं. ट्यूबमध्ये कुणाचं रक्त होतं ते सांगायचं काम मात्र बाईंवर आलं. त्यांनी ते फिरवून फिरवून सांगितलं नाही. ऐकून ती रडली नाही. तो सुई घालताना विनोद सांगायचा, एवढंच म्हणाली. दुखू नये म्हणून.

मग तिनं स्वतःच्या रक्ताबद्दल विचारलं. ते खरंच कमी आहे का?

बाईंनी सांगितलं की नाही, कधीच नव्हतं. तिच्या पेशी फक्त लहान आहेत, जन्मापासून. त्याला थॅलेसेमियाचा हलका अंश म्हणतात. त्यानं आयुष्यात काही बिघडत नाही, लोहाच्या गोळ्यांची गरज नाही. हे आईवडिलांपैकी एकाकडून येतं. अण्णांच्या जुन्या पट्टीत पेशी फाटलेल्या होत्या पण आकारानं चांगल्या मोठ्या होत्या, तेव्हा हे आईकडूनच आलेलं.

आई जाऊन खूप वर्षं झाली होती. मुलीनं खिडकीतून बघितलं. खाली कुणीतरी स्ट्रेचरची चाकं धूत होतं.

"भावाच्या अंगातही असेल का ते?"

"असू शकतं. निम्मी शक्यता. तपासलं तर कळेल."

"नका तपासू," ती म्हणाली. "आईचं एवढं तरी माझ्या एकटीचं राहू द्या."